रजिस्टरात आलेली गाडी: बारा खाटांच्या एका रुग्णालयाचं प्रकरण

गणपतीला नऊ दिवस उरले होते. कोकणात त्या दिवसांत कोणी कोणाचा फोन उचलत नाही. माटवी बांधायची असते, मुंबईकरांना आणायला स्टेशनवर जायचं असतं. अशात एका ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला. "प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारणे दाखवा नोटीस आलीय. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. यात अटक होते का हो?"

मी पूर्वी लॅब टेक्निशियन होतो. आता छोट्या रुग्णालयांची कागदपत्रं बघतो: नर्सिंग होमची नोंदणी, फायरचा दाखला आणि जैव-वैद्यकीय कचऱ्याचं ऑथरायझेशन. या कचऱ्याला आमच्या धंद्यात 'बीएमडब्ल्यू' म्हणतात. त्यावरचा विनोद प्रत्येक नवीन सिस्टर एकदा करते, मग विसरते. हे प्रकरण लिहून काढायला डॉक्टरांची हरकत नव्हती, अट एकच होती. गाव, तालुका, कचरा नेणारी कंपनी, कोणाचंच नाव नको. तेव्हा इतकंच सांगतो की रुग्णालय दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर आहे, बारा खाटांचं आहे आणि तिथे बाळंतपणं जास्त होतात. मागच्या बाजूला कातळ चढत जातो आणि पुढे उतारावर वाडी आहे. कचऱ्याची गाडी घाट उतरून एक दिवसाआड येते.

अटकेच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकलं, कारण त्याशिवाय डॉक्टर पुढचं ऐकणार नव्हते. या कचऱ्याचे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली येतात. त्या कायद्याच्या कलम १५ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने ती काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे दंड आला, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे अटक परवडली." पण आवाज जरा सैल झाला होता.

नोटिशीत दोन मुद्दे होते. पहिला असा की जुलैतल्या एका आठवड्यात रुग्णालयाच्या रजिस्टरात कचरा दोनदा 'दिला' असं लिहिलंय, पण कचरा नेणाऱ्या कंपनीच्या प्रक्रिया केंद्राच्या बारकोडच्या नोंदीत त्या दोन्ही तारखांना काहीच उचललेलं नाही. दुसरा मुद्दा रुग्णालयाच्या आवारात विनापरवाना खोल पुरणाचा, म्हणजे कचरा खोल पुरून टाकायचा, खड्डा असून तो शेजारच्या विहिरीजवळ आहे, असा. दुसरा मुद्दा तक्रारीतून आला होता आणि पहिला त्या तक्रारीच्या तपासात सापडला होता.

त्या आठवड्यात काय झालं

शनिवारी दुपारी गाडी येऊन गेली. रविवारी रात्रीपासून पाऊस धरला. सोमवारी गाडीचा दिवस, पण सकाळी आठलाच ड्रायव्हरचा व्हॉट्सॲपवर आवाज आला: "घाटात दरड पडलीया सिस्टर. रस्ता बंद हाय. आज काय जमत न्हाई." हा मेसेज सिस्टरच्या फोनमध्ये शाबूत होता, तारीख-वेळेसकट. पुढे तो फार उपयोगी पडला.

मंगळवारी लाइट गेली. गाडी बुधवारीही आली नाही, ती आली गुरुवारी संध्याकाळी. शनिवार ते गुरुवार या पाच दिवसांत चार बाळंतपणं झाली, त्यातलं एक सिझेरियन. एक वार, म्हणजे प्लासेंटा, साधारण अर्धा किलोची असते. तिच्याबरोबर रक्ताने भिजलेले पॅड, गॉज, कापूस. हे सगळं पिवळ्या पिशवीत जातं. लाल पिशवीतल्या नळ्या, हातमोजे, सुया काढलेल्या सिरिंजा चार दिवस पडून राहिल्या तरी वास मारत नाहीत. पांढऱ्या डब्यातल्या सुया आणि निळ्या खोक्यातली काच तर महिनाभरही गप्प बसते. पिवळी पिशवी मात्र कोकणातल्या जुलैत दुसऱ्या दिवशीच बोलायला लागते.

कचऱ्याची खोली मागच्या अंगाला आहे. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, दाराला जाळी, आत दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. मंगळवारी रात्री कुत्री दाराशी यायला लागली. बुधवारी सकाळी मावशींनी डॉक्टरांना बोलावून दार दाखवलं. जाळीचा खालचा कोपरा वाकवलेला होता.

इथे डॉक्टरांना जुना खड्डा आठवला. दवाखाना सुरू केला तेव्हा, म्हणजे १९९८च्या नियमांच्या काळात, तो खणून घेतला होता. लांबी-रुंदी एखाद्या मोरीएवढी, खोली दोन मीटर, वर गंजलेला पत्रा आणि पत्र्यावर चिरे. गाडी सुरू झाल्यापासून तो कोणी उघडला नव्हता. बुधवारी दुपारी दोन माणसं लावून पत्रा बाजूला केला. आत पाणी होतं, काठापासून जेमतेम दोन हात खाली, काळं आणि वर पाचोळा तरंगत असलेलं.

मावशी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरानू, ह्या पाणी खंय जाता म्हायत आसा? वयच्या पलीकडे काकूंची बाव आसा." वय म्हणजे कुंपण आणि बाव म्हणजे विहीर; काकू शेजारच्या.

डॉक्टरांनी पत्रा परत टाकायला लावला. त्यांचं हे श्रेय मी उत्तरातही लिहिलं, कारण त्या घटकेला दुसऱ्या कोणीही 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून पिशव्या आत सोडल्या असत्या. पण पत्रा उघडलेला वईपलीकडून काकूंनी पाहिला. रात्री त्यांनी मुंबईला मुलाला सांगितलं आणि मुलाने मंडळाला ईमेल केला. कोकणातल्या बऱ्याच तक्रारी अशाच निघतात. बघणारं माणूस गावात असतं आणि लिहिणारं मुंबईत.

मग डॉक्टरांना जेटी सुचली. मासेमारीबंदी चालू होती, ट्रॉलर वर ओढलेले होते आणि बर्फाचा कारखाना नावापुरता चालू होता. तरी ओळखीने दोन लाद्या मिळाल्या. स्टोअरमध्ये झाकणाचे दोन निळे प्लास्टिकचे पिंप पडून होते. पिशव्या दुहेरी करून, तोंडं आवळून त्यात ठेवल्या, भोवती बर्फ फोडून भरला. झाकणावर चिकटपट्टी लावून वर मार्करने 'हात लावू नये' लिहिलं. खोलीत हायपो, म्हणजे जंतुनाशक द्रावण, मारलं आणि जाळीचा कोपरा तारेने शिवला. पिंपं पुढे कशालाच वापरली नाहीत. बर्फाचं वितळलेलं पाणीही हायपो घालूनच सोडलं, हे मावशींनी मला दोनदा सांगितलं. सोमवारी दुपारी, नियमाने कचरा ठेवता येतो ते अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, जे करायला हवं होतं, ते असं बुधवारी संध्याकाळी झालं. उशिरा झालं, पण नीट झालं.

गुरुवारी गाडी आली तेव्हा ड्रायव्हरने एक पिवळी पिशवी परत केली. तिच्यात सलाइनचा सेट होता, आणि सेट लाल पिशवीत जायला हवा. मंगळवारी रात्री टॉर्चच्या उजेडात बाळंतपण उरकलं होतं आणि त्या अंधारात हाताला लागेल ते पिवळ्यात गेलं होतं. सिस्टरने मोठे हातमोजे घालून ती पिशवी तिथेच उघडून वेगळी केली. सुई निघाली नाही, नशीब. पोर्चमध्ये इन्व्हर्टरवर दिवा होता, लेबर रूमच्या कचऱ्याच्या डब्यांवर नव्हता. असल्या गोष्टी ऑडिटच्या फॉर्मात कुठे विचारत नाहीत.

वारेबद्दल थोडं विषयांतर. त्याच आठवड्यात एका बाळंतिणीच्या सासूने वार मागितली होती. परसात पुरायची, वर दगड ठेवायचा, जुनी रीत आहे. सिस्टरने नियम सांगून नकार दिला. मावशी मला हळूच म्हणाल्या, दिली असती तर एक पिशवी कमी झाली असती. नियमांच्या कोष्टकात मानवी ऊती म्हणजे पिवळी पिशवी, आणि घरच्यांना परत द्यायचा रकाना तिथे नाही. सिस्टर बरोबर होती. तरीही त्या म्हातारीला नियम सांगताना मी असतो तर माझी जीभ जरा अडखळली असती.

रजिस्टर

आता खरा घोळ. रुग्णालयात कचऱ्याचं रजिस्टर रोज भरायचं असतं: तारीख, रंगानुसार वजन, कोणी दिलं, कोणी नेलं. मी तिथे गेलो तेव्हा जुलैचं पान उघडून बसलो. सगळा महिना एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात लिहिलेला. पिवळा अडीच किलो, अडीच किलो, तीन, अडीच. शनिवारचे आकडे आणि पुढच्या सोमवारचे आकडे एका बैठकीत लिहिलेले दिसत होते, कारण दोन्हीकडे एकाच ठिकाणी पेनची शाई अडकली होती.

सिस्टरला मी रागावलो नाही. तिने सरळ सांगितलं की शनिवारी रात्रपाळीला वेळ असतो, म्हणून ती पुढचा आठवडा भरून ठेवते. सोमवार आणि बुधवार गाडीचे दिवस, म्हणून तिथे 'दिला' आधीच लिहून ठेवलेलं होतं. गाडी आली नाही हे तिला माहीत होतं, पण लिहिलेलं खोडायचं कसं? "रजिस्टरात खाडाखोड नको, असं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मला." सांगितलं होतं डॉक्टरांच्या पत्नींनी, ज्या ऑफिस बघतात. त्यांना हे सांगणारा मीच होतो, पाच-सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुठल्या तपासणीच्या वेळी. म्हणून हा दोष वाटून द्यायचा असेल तर त्यात माझाही वाटा धरा.

पूर्वी असं रजिस्टर खपून जायचं. २०१६च्या नियमांनी पिशव्यांवर बारकोड आणला, २०१८च्या दुरुस्तीने त्याची मुदत २७ मार्च २०१९ पर्यंत वाढवली. आता गाडीवाला पिशवी उचलताना स्कॅन करतो, वेळ आणि वजन लगेच चढतं आणि गाडीला जीपीएस असतो. रुग्णालय काही लिहो, गाडी कुठे होती ते दुसरीकडे उमटतं. आमच्या प्रकरणात केंद्राच्या नोंदीत सोमवार कोरा, बुधवार कोरा आणि गुरुवारी एकदम पाच दिवसांच्या पिशव्या. रुग्णालयाच्या रजिस्टरात मात्र गुरुवारी फक्त एका दिवसाचं वजन. मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला दोन कागद शेजारी ठेवायला दोन मिनिटंही लागली नसतील.

यातला दैवदुर्विलास असा की गाडी न येणं हा गुन्हा नव्हताच.

२०१६च्या नियमांतला आठवा नियम साठवणुकीचा आहे. मानवी अवयव-ऊती, जनावरांच्या ऊती, रक्ताने भिजलेला कचरा हे प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. भिंतीवरच्या तक्त्यातही तेवढंच छापतात. पण त्याच वाक्याला एक परंतुक आहे. काही कारणाने जास्त वेळ ठेवावं लागलंच, तर माणसांना आणि पर्यावरणाला त्रास होणार नाही अशी व्यवस्था करायची आणि कारणासकट प्राधिकरणाला कळवायचं. आपल्याकडे प्राधिकरण म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. व्यवस्था करायची, तर बर्फ, पिंप, हायपो, जाळीची तार हे सगळं झालं होतं. कळवायचं, तर ते राहिलं होतं. एक ईमेल, चार ओळींचा, सोबत ड्रायव्हरचा मेसेज आणि दरडीचा फोटो. तेवढं असतं तर तो आठवडा नियमात बसत होता.

उलट पाचव्या नियमात कचरा वेळेत उचलायची जबाबदारी केंद्रावर आहे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. म्हणजे रुग्णालयाने खरं लिहिलं असतं तर प्रश्न निदान अर्धा तरी केंद्राकडे गेला असता. दरडीला केंद्र तरी काय करणार, ते वेगळं. पण रजिस्टरात 'दिला' लिहून रुग्णालयाने तो प्रश्न स्वतःच्याच गळ्यात घालून घेतला.

हे फक्त याच रुग्णालयाचं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक छोट्या दवाखान्यांत रजिस्टर ही तपासणीसाठी सजवायची वस्तू आहे. कोऱ्या रकान्याची भीती एवढी असते की माणसं चुकीचा रकाना भरतात.

खड्डा आणि पाणी

नोटिशीच्या दुसऱ्या मुद्द्यावर डॉक्टर ठाम होते. त्यांचं म्हणणं, नियमात ७५ किलोमीटर आहे ना? आमचं केंद्र घाटापलीकडे, ७५च्या बाहेर. मग आम्हाला स्वतःची सोय करायची मुभा आहे, आणि खड्डा तर २० वर्षं जुना आहे.

हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. सातव्या नियमात असं आहे की ७५ किलोमीटरच्या आत सामाईक केंद्र उपलब्ध असेल तर रुग्णालयाने स्वतःची प्रक्रिया-यंत्रणा उभारायची नाही. पण ७५च्या बाहेर असलात म्हणून खड्डा आपोआप परवानगीचा होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ किलोमीटरच्या वर्तुळात पुरेशा खाटा नसतील तर केंद्राचं क्षेत्र १५० किलोमीटरपर्यंत नेता येतं. शिवाय खोल पुरणाला स्वतंत्र अट आहे. ग्रामीण किंवा दुर्गम भाग हवा, तिथे केंद्राची सेवाच पोचत नसावी, आणि आधी परवानगी हवी. इथे एक दिवसाआड गाडी येते. महिन्याचं बिल येतं, डॉक्टर ते भरतात. सेवा पोचत नाही म्हणायला तोंड कुठलं?

जुनेपणाचाही उपयोग नाही. २० जुलै १९९८ च्या पहिल्या नियमांत पाच लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना आणि ग्रामीण भागाला खोल पुरण चालायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर पाच लाखांच्या जवळपास नाही, त्यामुळे तेव्हा जिथे तिथे खड्डे खणले गेले. त्या वेळी ते नियमाला धरूनच होतं. २८ मार्च २०१६ ला नवे नियम आले, दहा प्रकारांचे चार रंग झाले आणि खड्ड्याची वाट अरुंद झाली. खड्डे मात्र जागेवरच राहिले. कोणी बुजवले, कोणी त्यावर तुळस लावली, कोणी पत्रा टाकून विसरले.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं तरी त्यांची मान हलेना. शेवटी मी नियमांतली खड्ड्याची मापं वाचून दाखवली आणि दोरी मागितली.

मापं अशी आहेत. खड्डा सुमारे दोन मीटर खोल. अर्धा कचऱ्याने भरल्यावर पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटरपर्यंत चुना, मग माती. दर वेळी कचरा टाकला की त्यावर १० सेंटिमीटर मातीचा थर. वर जनावरं शिरणार नाहीत असं झाकण. जमीन पाणी न झिरपणारी हवी, जवळ उथळ विहीर नको, पूर येणारी किंवा धुपणारी जागा नको. आणि खड्ड्याच्या तळापासून भूजलाची पातळी कमीत कमी सहा मीटर खाली हवी.

म्हणजे जमिनीपासून आठ मीटर. आम्ही काकूंच्या विहिरीवर गेलो. त्यांनी आधी चहा विचारला, मग 'आता खड्डो बुजवतलास ना' ते विचारलं. दोरीला दगड बांधून सोडला. पाणी काठापासून दीड मीटरवर. सप्टेंबरचा पहिला आठवडा, पाऊस चार दिवस उघडलेला. जुलैत काय असेल? काकू म्हणाल्या, जुलैत कळशी हातानेच बुडते, रहाटाची गरज लागत नाही. वैशाखात मात्र दोर पुरत नाही.

आठ मीटर एका बाजूला आणि दीड मीटर दुसऱ्या बाजूला. डॉक्टर दोरीकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी ७५ किलोमीटरचा विषय काढला नाही.

याचं कारण आपल्या जमिनीत आहे. किनारपट्टीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जांभा आहे. चिरेखाणीत उभं राहून ताज्या कापलेल्या भिंतीकडे बघा. दगड नाही, स्पंज आहे. बोटं जातील अशी भोकं, आडव्या-उभ्या नळ्या. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस या स्पंजातून खाली उतरतो, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी झरा, व्हाळ किंवा कोणाची तरी विहीर होऊन बाहेर येतो. नियम म्हणतो, पाणी न झिरपणारी जमीन शोधा. जांभ्याच्या सड्यावर ती शोधणं म्हणजे चाळणीत पाणी साठवायची जागा शोधणं. तज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर मी ऐकेन, पण माझ्या मते किनाऱ्याच्या या पट्ट्यात खोल पुरणाला परवानगी द्यावी अशी जागा जवळजवळ नाहीच. १९९८मध्येही नव्हती. तेव्हा कोणी दोरी सोडून पाहिली नाही, एवढंच.

काकूंच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीला दिला. पिण्यायोग्य नाही, असा अहवाल आला. मुलाने मुंबईहून विजयी आवाजात फोन केला. मला त्याला सांगावं लागलं की वाडीतल्या दुसऱ्या चार विहिरींचे नमुने दिले तरी पावसाळ्यात बहुधा हेच येईल, कारण प्रत्येक घराच्या मागे संडासाचा शोषखड्डा आहे आणि तोही याच जांभ्यात. ग्रामपंचायत दर पावसाळ्यात विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, उगाच टाकत नाही. खड्ड्याने विहीर बिघडवली असं सिद्ध होत नव्हतं, बिघडवली नाही असंही नव्हतं. अठराव्या नियमाप्रमाणे कचऱ्याच्या चुकीच्या हाताळणीने नुकसान झालं तर त्याला रुग्णालय जबाबदार. या अनिश्चिततेत डॉक्टरांनी एक शहाणपणाचं काम केलं, माझ्या सल्ल्याशिवाय. काकूंच्या घरी नळाची जोडणी नव्हती, तर स्वतःच्या बोअरवरून त्यांना पाइप टाकून दिला. उत्तरात हे लिहायचं का, यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, लिहिलं तर कबुली वाटेल. ते म्हणाले, "वाटू दे. शेजार आहे." लिहिलं.

उत्तर

उत्तराचा पहिला मसुदा डॉक्टरांच्या वकील मित्राने केला होता. सुरुवात 'नोटिशीतील सर्व आरोप नाकारण्यात येत आहेत' अशी होती. रजिस्टरची झेरॉक्स मंडळाकडे, बारकोडची यादी मंडळाकडे, आणि आपण नाकारतोय. वकिलांचा राग न धरता मी ते वाक्य काढायला सांगितलं.

शेवटी जे गेलं ते दीड पानाचं होतं. सोमवार आणि बुधवारची नोंद चुकीची आहे, ती आगाऊ लिहिली होती, हे पहिल्याच परिच्छेदात. मग प्रत्यक्षातला क्रम तारीख-वेळेसह: ड्रायव्हरचा मेसेज, रस्ता बंदचं वृत्त, बर्फाच्या कारखान्याची पावती, गुरुवारच्या उचलीची पावती. बर्फाच्या लाद्यांची पावती मंडळाच्या फायलीत बहुधा पहिल्यांदाच गेली असेल. परंतुकाखाली कळवायचं राहिलं ही चूक मान्य. खड्ड्याबद्दल: बुधवारी उघडला पण कचरा टाकला नाही, कुंपण घातलंय, वरून पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून ताडपत्री टाकलीय, आतलं काहीही उपसण्याआधी मंडळाने लेखी निर्देश द्यावेत. हे शेवटचं मी हट्टाने घातलं. डॉक्टरांना तो खड्डा चतुर्थीच्या आत काँक्रीट ओतून मिटवायचा होता. नोटीस चालू असताना पुरावा असलेल्या जागेवर काँक्रीट ओतणं म्हणजे काय दिसतं, ते सांगायला लागलं.

गौरी-विसर्जनानंतर सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी रजिस्टरवर कडक बोलून घेतलं, बर्फाच्या पावतीवर किंचित हसले आणि विचारलं, "हे मला त्याच दिवशी का नाही कळवलंत?" डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. लेखी ताकीद मिळाली. खड्डा तज्ज्ञ संस्थेकडून उपसून त्यातला गाळ पिवळ्यातच केंद्राकडे द्या आणि मग बुजवा, असं सांगितलं. त्याला खर्च आला, बराच. पर्यावरणीय भरपाईचा प्रश्न मात्र लोंबकळत आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय मंडळाने जे सूत्र ठरवलं, त्यात रुग्णालयाला कमीत कमी रोजचे १,२०० रुपये पडतात. दिवस किती धरायचे? रजिस्टर चुकलं ते दोन दिवस, की खड्डा २०१६ पासून विनापरवाना होता ते सगळे दिवस? डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर काढला होता. मी तो बाजूला ठेवायला सांगितला. त्यावर मंडळाचं पत्र अजून आलेलं नाही.

रुग्णालयात तीन-चार गोष्टी बदलल्या. कणकवलीहून जुना डीप फ्रीजर आणला, आइस्क्रीमवाल्याचा, वरचे आंब्याचे स्टिकर खरवडून काढले तरी थोडे राहिलेच. तो इन्व्हर्टरवर घेतला. लेबर रूमच्या डब्यांवर वेगळा दिवा लावला. कचऱ्याच्या खोलीचा उंबरा दीड फूट चढवला. ही मागणी मावशींची होती, त्यांचं माहेर चिपळूणचं आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या भावाच्या माळ्यापर्यंत चढलं होतं. रजिस्टर नवीन छापून घेतलं, त्यात एक जास्तीचा रकाना आहे: 'गाडी आली नाही: कारण, कोणाला कळवलं, किती वाजता'. सिस्टर विचारत होती की हा रकाना मंडळाच्या नमुन्यात नाही, चालेल का. चालेल म्हटलं. खाडाखोड झाली तर एका रेघेने खोडून शेजारी सही करायची, हेही सांगितलं, या वेळी नीट.

पुढच्या जुलैत एका मंगळवारी तिने मला त्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर तेच तिरकं, पेन वेगळं. 'गाडी नाही. घाटात झाड. ड्रायव्हरचा फोन ९.१०. मंडळाला मेल ९.४०. पिवळ्या ४, फ्रीजरमध्ये.' त्याखाली दुपारची ओळ होती: 'गाडी आली ४.१५. पिवळ्या ~~४~~ ५.' आणि खोडलेल्या चाराशेजारी तिची सही.